पावसाळी सल्ला : फवारलेलं औषध जमिनीत किती खोल उतरलं, ते मोजताना

मुंबईत दिवसात 100 मिलिमीटर पाऊस नवा नाही. वाफशाच्या, म्हणजे चिखल नाही आणि कोरडीही नाही अशा जमिनीत घनफळाच्या 30 टक्के पाणी मावतं असं धरलं आणि सगळा पाऊस मुरला, तर आतलं पाणी साधारण 33 सेंटीमीटर खाली ढकललं जातं. पालक, माठाची बहुतेक मुळं त्याच्या वरच राहतात. सोबत औषध किती जाईल, ते औषधावर ठरतं. थायामेथोक्झाम हे कीटकनाशक लिटरभर पाण्यात 4 ग्रॅम विरघळतं, मातीला फारसं धरत नाही. बायफेन्थ्रिन हे दुसरं कीटकनाशक मातीच्या कणांना घट्ट चिकटून वरच राहतं.

तपासणीसाठी मातीचे नमुने काढायला गिरमिट घालण्याआधी पाण्याच्या वाटा बघा. पिकाबाहेरची एक चौरस मीटर जागा घ्या. 25 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ब्रिलियंट ब्लू खाद्यरंग विरघळवून झारीने सावकाश शिंपडा. हा झाला 25 मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या दिवशी मधोमध 60 सेंटीमीटर खोल खड्डा घेऊन उभी कड खुरप्याने तासा. निळा पट्टा वरच सारखा थांबला असेल, तर पाणी एकसारखं झिरपतंय. बोटाएवढ्या निळ्या रेघा खाली घुसल्या असतील, तर तिथे जुन्या मुळांची पोकळी, खेकड्याचं बीळ किंवा भरावातल्या विटांमधली फट सापडेल. रेल्वेलगतच्या भरावावरच्या मळ्यांत हे हमखास बघावं, कारण अशा फटींतून मातीला न चिकटणारं औषधच नव्हे, चिकटणारंही खाली जातं.

पहिला नमुना फवारणीआधी घ्या, पुढचे एकूण 50 आणि 150 मिलिमीटर पाऊस झाल्यावर. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी पुरते. दोन दिवस उघडीप मिळून वाफसा आल्याशिवाय गिरमिट घालू नका, नाहीतर वरचा राबडा भोकात ओघळतो. प्लॉटमध्ये पाच ठिकाणी 0-15, 15-30, 30-45 आणि 45-60 सेंटीमीटर असे थर काढा आणि पाचही जागांची त्याच खोलीची माती एकत्र करा.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते: वरची माती खालच्या नमुन्यात पडते. गुंठ्याला 1 ग्रॅम क्रियाशील घटक फवारला आणि तो वरच्या एका सेंटीमीटरात राहिला, तर तिथल्या किलोभर मातीत सुमारे 0.76 मिलिग्रॅम औषध असतं. अशी 10 ग्रॅम माती अर्ध्या किलोच्या नमुन्यात पडली, की अहवालात 0.015 मिलिग्रॅम प्रति किलो दिसणार, खाली काहीच उतरलेलं नसलं तरी. म्हणून पहिला थर काढल्यावर भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा. प्रत्येक वेळी गिरमिटातली वरची 2-3 सेंटीमीटर माती फेकून द्या, आणि गिरमिट धुऊन, ॲसिटोनने पुसूनच पुढच्या थराला लावा.

माती काचेच्या बरणीत भरा, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावा, बरणी बर्फात ठेवा. उन्हात वाळवू नका. प्रयोगशाळेला फवारलेल्या घटकांची नावं आणि तारखा लिहून द्या. निकाल कोरड्या मातीच्या वजनावर मागा, नाहीतर ओल्या आणि सुक्या थरांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.