नववीचा प्रकल्प: न्यूटनचं सफरचंद जरा बाजूला ठेवा

‘पाश्चात्त्य विज्ञान आणि समाज’ हा विषय दिला की निम्मा वर्ग गॅलिलिओची दुर्बीण नाहीतर न्यूटनचं सफरचंद चिकटवून आणतो. चित्रं झकास, पण त्यात समाज कुठे असतो? मी दादरला विज्ञान शिकवते. पालकांना माझं सांगणं असं की थोर माणसापासून सुरुवातच करू नका. मुंबईतली एखादी जागा धरा आणि मुलाला आधी विचारा, ‘याचे पैसे कोणी दिले, आणि का?’

मी स्वतः कुलाब्याची वेधशाळा घेते. ती ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती काही ताऱ्यांच्या ओढीने नव्हे. जहाजांना अचूक वेळ लागायची. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. गाउस आणि हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी युरोपात सुरू केलेलं हे काम ब्रिटिशांनी आपल्या वसाहतींत पसरवलं, कारण होकायंत्रावर त्यांचा व्यापार चालायचा. ‘दर्पण’वाल्या बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचेही ऐकायला लागतात.

मग एकच दिवस उचला: १ सप्टेंबर १८५९. इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता, तेवढ्यात त्याला डागांवर लख्ख प्रकाश दिसला. (वडिलांचा बिअरचा कारखाना होता, म्हणून घरची वेधशाळा परवडली. पैशांचा प्रश्न इथेही विचाराच.) सूर्यावरच्या त्या उद्रेकाने पृथ्वीच्या चुंबकत्वात खळबळ माजली (याला चुंबकी वादळ म्हणतात) आणि दुसऱ्या दिवशी युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यात टांगलेल्या चुंबकाचं वाचन घेणाऱ्याला चुंबकी क्षेत्राची तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे ती मोजायचं एकक) घसरलेली दिसली. एरवी मोठ्या चुंबकी वादळातही ही घसरण काहीशेच्या घरात असते. त्या वादळाचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही हीच वही उघडतात. मुलाला त्या घसरणीचा आलेख हाताने काढू द्या. छापील चिकटवला तर मी गुण कापते.

खरी गंमत पुढे आहे. विजेच्या प्रवाहाभोवतीही चुंबकत्व तयार होतं, त्यामुळे मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकाचं वाचन बिघडणार हे उघड होतं. तेव्हा नानाभाई मूस वेधशाळेचे प्रमुख होते. ट्राम अडवण्याऐवजी चुंबकाचं बिऱ्हाड अलिबागला हललं. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, १९०६ पर्यंत दोन्हीकडे वाचन घेऊन आकडे जुळवले, मग कुलाब्यातलं बंद झालं. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. ही तीन सालं एकाखाली एक लिहायला लावा आणि विचारा, शहराने विज्ञानाला हटवलं की विज्ञानाने शहाणपणाने वाट दिली? उत्तर काहीही येवो, कारण हवं. माझंही एक मत आहे, पण मुलांना मी ते सांगत नाही.

अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. शाळेच्या पत्राशिवाय आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते, म्हणून सहल दिवाळीनंतरच ठरवा.