गावात 'घर' या विषयावर प्रदर्शन कसं भरवायचं

सगळ्यात आधी एक सांगतो, "घर म्हणजे तुमच्यासाठी काय?" असं लोकांना विचारूच नका. विचारलंत की सगळे तेच बोलणार, माया, आपुलकी, चार भिंतींपलीकडचं काहीतरी, आणि चित्रंही तशीच येणार, उतरतं छप्पर, बाजूला झाड, मागे दोन डोंगर आणि मधे सूर्य. पोरांनी काढलेलं एखादं गोड वाटतं पण अशी भिंतभर चित्रं लावली की बघणारा दोन मिनिटांत बाहेर.

त्यापेक्षा काहीतरी नेमकं मागा. माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे आठवणीतून काढलेला नकाशा. कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, लहानपणी राहायचात ते घर वरून बघितल्यासारखं काढा, दार कुठे, कोण कुठे झोपायचं, कुठल्या खोलीत जायला मनाई होती, सगळं. "मला चित्र काढता येत नाही" म्हणणारेसुद्धा हे काढतात कारण यात छान काढायचं टेन्शनच नसतं. मापं चुकतात, चुकू द्या, जिथे जीव अडकलाय ती खोली कागदावर आपोआप मोठी होते आणि बघायचं तेच असतं. शक्य असेल तर दोन भावंडांना वेगवेगळं बसवून एकाच घराचे नकाशे काढायला लावा आणि शेजारी शेजारी लावा, तिथे भांडण होणार हे नक्की, चांगलं भांडण.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे घासून उमटवणं. दारावर, कडीवर, जमिनीच्या फरशीवर पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल किंवा खडू आडवा धरून घासायचा, लाकडाचे रेषे, खिळे, चरे सगळं उमटतं. दो हो सुह या कोरियन कलाकाराने न्यूयॉर्कमधलं आपलं राहतं अपार्टमेंट आतून कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिलने घासून स्विच, नळ, दाराच्या मुठी असं सगळं त्या कागदावर उतरवलं होतं. आपल्याला एवढं नको, पण गावातल्या प्रत्येक घराचं एक दार असं उतरवून लाइनीत लावलं तरी भिंत भरते, आणि लोक आपलं दार शोधत बसतात ते वेगळंच.

आणि फक्त घरमालकांकडूनच गोळा करू नका, हे फार होतं. भाड्याने राहणारे, कामासाठी दुसरीकडून आलेले, गाव सोडून गेलेले आणि लग्न होऊन आलेल्या बायका, यांच्याशिवाय हा विषय अर्धाच आहे. शिवाय सगळ्यांचं घर काही गोड नसतं, कोणाला घर म्हटलं की मारच आठवतो. अशांना नाव न देता काहीतरी द्यायची सोय ठेवा आणि ते स्वतः टाइप करून घ्या, कारण गावात अक्षरावरून माणूस ओळखतात.

आता जागा. हॉल मिळत असेल तरी आधी एखादं रिकामं घर बघा. जपानात निगाता भागात २००० सालापासून एचिगो-त्सुमारी नावाचं कलाप्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं, तिथे माणसं सोडून गेलेली घरं आणि बंद पडलेल्या शाळाही वापरतात, एका जुन्या घराच्या भिंती, खांब, जमीन असं सगळं विद्यार्थ्यांनी छिन्नीने कोरून काढलंय, म्हणजे घर हीच कलाकृती. रिकाम्या घरात अर्धं काम घरच करतं. फक्त मालकी ज्यांची ज्यांची आहे त्या सगळ्यांची परवानगी लेखी घ्या, एकाने हो म्हटलं म्हणजे झालं असं नसतं. छप्पर गळतं का, वायरिंग धड आहे का, जिना माणसांचं वजन पेलेल का हे जाणकाराला दाखवा, शंका असेल तर ती खोली सरळ बंद ठेवा.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या, उभ्या माणसाच्या नजरेला ते बरोबर पडतं, पोरांचं काम जास्त असेल तर थोडं खाली घ्या. जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला खिळे ठोकू नका, भिंतीपुढे तार ताणा आणि क्लिपने कागद अडकवा. सेलोटेप तर अजिबात नको, डाग राहतो आणि काढताना कागद सोलतो. कागद, कापड आणि जुने फोटो उन्हाने फिके पडतात, म्युझियममध्ये अशा वस्तूंवर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच ठेवतात, आपल्याकडे उजेड मोजायचा मीटर नसला तरी खिडकीतून थेट ऊन येतं त्या भिंतीवर काही लावू नका एवढं तरी पाळा.

जुन्या फोटोंचं मात्र माझं स्पष्ट मत आहे, ओरिजिनल घ्यायचाच नाही. स्कॅन करा, मोठी प्रिंट काढा, मूळ फोटो त्याच दिवशी परत. बाकीच्या वस्तूंसाठी एक वही ठेवा, कोणाची, काय, आधीपासून कुठे तुटलंय, सगळ्या बाजूंनी फोटो, परत कधी, आणि सही. ओळखीतलं आहे कशाला सही म्हणाल, पण ओळखीतच जास्त गरज लागते.

लेबल तीन-चार ओळींचं आणि देणाऱ्याच्याच बोलीत, मोठ्या अक्षरात, आजीला चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे. तुम्ही वर साहित्यिक मजकूर चढवू नका. "ही किल्ली, कुलूप आता नाही" एवढंच असेल तर एवढंच ठेवा.

निवड करताना कोणाला वगळलं की गावात वर्षभर बोलणी खावी लागतात, म्हणून घरटी एक वस्तू असा नियम आधीच जाहीर करा आणि मग सगळं घ्या, तुमची हुशारी कशाच्या शेजारी काय ठेवायचं यात दाखवा. सोडलेल्या घराचा नकाशा नव्या घराच्या दाराशेजारी ठेवला की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

उद्घाटनाची भाषणं जमली तर टाळाच, वेळ कामावरून लोक परत आल्यावरची ठेवा, आणि माहिती द्यायला ज्यांनी काढलंय तेच उभे राहू देत. उतरवायचा दिवसही आधीच ठरवा आणि माणसं नेमा, कारण लावायला सगळे येतात, काढायला कोणी नसतं. वस्तू परत देताना वहीतला फोटो समोर धरून दोघांनी मिळून तपासा आणि पोचल्याची सही घ्या.