गोधडीवरची वेल आधी कागदावर

शिलाई मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून मोकळ्या हाताने शिवताना नक्षीची वेल नेमकी कोपऱ्यात अडकते, मग उसवत बसा. इंदूरच्या क्लॉथ मार्केटातलं चांगलं सुती कापड त्यात भोकाभोकांचं होतं. त्यापेक्षा पाठकोरा कागद घ्या.

१. गोधडीच्या ठोकळ्याएवढा, म्हणजे तिच्या एका चौकोनी तुकड्याएवढा, समजा १० इंचांचा, चौकोन आखा.
२. पेन्सिल न उचलता तो वेलीने भरा. अडलात तर आधीच्याच रेघेवरून मागे येऊन बाहेर पडा. मशीनवरही हेच करायचं असतं.
३. रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं, बोटाच्या रुंदीएवढं. दाट जागी गोधडी कडक होते, विरळ जागी फुगते.

हात न अडखळता कागद भरू लागला, की मशीनवर बसा. तिथे सुई जागेवर आणि कापड फिरतं, म्हणून पहिला हात चिंधीवरच.

पेन्सिलीचा कागद कापडावर ठेवून त्यावरून मात्र शिवू नका. शिसं दोऱ्याला लागतं आणि पांढरी टीप काळवंडते.