दुसऱ्या संस्थेच्या करारावरून कचरापेट्या कशा खरेदी कराव्यात

फुटलेल्या, चाके निखळलेल्या कचरापेट्या बदलण्यासाठी अमेरिकेतील शहराला दर वेळी नवी निविदा काढावीच लागते असे नाही. दुसऱ्या सार्वजनिक संस्थेने स्पर्धात्मक निविदा मागवून केलेल्या करारात इतरांना खरेदीची मुभा असेल, तर त्याच अटींवर माल घेता येतो. मिनेसोटातील सोर्सवेल ही सार्वजनिक संस्था देशभरातील शहरांसाठी असे करार करते.

राज्याचा कायदा आणि शहराची खरेदी नियमावली याला परवानगी देतात का, याबाबत शहराच्या वकिलांचे मत आधी लेखी घ्यावे. मूळ करार, निविदेची जाहिरात, देकारांचे मूल्यमापन आणि कराराची मुदत ही कागदपत्रे फाइलला लावावीत. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न यांवरच येतो.

खरी काळजी मात्र पेटीची घ्यावी. ९६ गॅलनची, म्हणजे सुमारे ३६३ लिटरची एक नमुना पेटी मागवून, ती ओल्या कचऱ्याने भरून आपल्याच गाडीच्या यांत्रिक हाताने अनेकदा उचलून पाहावी. पकडीच्या जागी प्लास्टिक दबते का, झाकणाची बिजागरी ताणली जाते का, चाकांचा आस वाकतो का, हे सफाई कामगारांच्या उपस्थितीत तपासावे, कारण त्यांचा अनुभव माहितीपत्रकापेक्षा मोलाचा असतो.

वाहतूक, जोडणी आणि जुन्या पेट्यांची विल्हेवाट दरात धरली आहे का, हेही लेखी विचारावे. करारातील दर कमाल मर्यादा म्हणून दिलेला असल्यास मोठ्या मागणीवर सवलत अवश्य मागावी. नगर परिषदेच्या मंजुरीनंतर खरेदी आदेशावर मूळ कराराचा क्रमांक नोंदवावा.