काचेची टिप वापरताय? या चुका टाळा

चिलीम ओढणारं कुणी जवळून पाहिलं असेल, तर दोन गोष्टी आठवतील: चिलमीच्या आत बसवलेला खडा आणि खालच्या तोंडाला गुंडाळलेली ओली छापी. खड्याचं काम एवढंच की तंबाखू घसरून तोंडात येऊ नये. धूर त्याच्या बाजूने निवांत निघून जातो. हाताने गुंडाळलेल्या सिगारेटच्या टोकाला बसवायची काचेची टिप म्हणजे हाच खडा, जरा देखणा आणि महाग. गोंधळ असा की विकताना तिला ‘फिल्टर टिप’ म्हणतात, आणि निम्म्या चुका या नावातूनच जन्माला येतात.

पहिली चूक त्यातलीच. टिप लावली म्हणजे धूर गाळला जातो, असं धरून चालणं. तयार सिगारेटच्या फिल्टरमध्ये सेल्युलोज ॲसिटेटचे तंतू दाबून भरलेले असतात. काचेच्या नळीत तंतू नाहीत, कोळसा नाही, फक्त मोकळं भोक आहे. दोन-चार सिगारेटींनंतर आत तपकिरी थर दिसतो आणि लोक खूश होतात, ‘बघ, एवढं अडवलं!’ तो थर गार काचेवर जमलेला टार आहे, आणि बाकीचा धूर पुढेच गेलेला असतो. तंतूंच्या फिल्टरनेही सिगारेट निरुपद्रवी होत नाही, मग नळीने काय होणार? ‘आता टिप आहे, एखादी जास्त चालेल’ हा हिशोब कुणी करत असेल तर तो तिथेच थांबवावा. टिप घ्यायची कारणं वेगळी आहेत: तंबाखूची कुसं जिभेवर येत नाहीत, कागद ओठांना चिकटून भिजत नाही आणि पुठ्ठ्याची टिप दरवेळी वळत बसावी लागत नाही.

आता खरेदी. ‘बोरोसिलिकेट’ असं पाकिटावर छापलेलं असतं आणि आपण मान डोलावतो. ही प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीची काच. तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून एकदम तडकत नाही. छापलेलं खरं की खोटं, हे घरी तपासता येतं. मेडिकलमधून ग्लिसरीनची छोटी बाटली आणा, वाटीत ओता आणि पारदर्शक टिप त्यात बुडवा. ग्लिसरीन आणि बोरोसिलिकेट यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, जवळपास सारखा, 1.47 च्या आसपास, त्यामुळे टिप जवळजवळ गायब होते. साध्या काचेचा 1.52 च्या घरात असतो, तिच्या कडा स्पष्ट दिसत राहतात. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनातला हा खेळ इतक्या वर्षांनी असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. रंगीत टिपेला मात्र ही परीक्षा नीट लागू पडत नाही. आणि रंग काचेतच असेल तर हरकत नाही, पण वरून मारलेला रंग किंवा सोनेरी नक्षी ओठाच्या बाजूला नको. पहिल्या-दुसऱ्या धुण्यात ती सुटायला लागते.

व्यासाचा हिशोब तर कुणी करतच नाही. शाळेतलाच 22/7 काढा. 8 मिलिमीटर जाडीच्या टिपेचा परीघ साधारण 25 मिलिमीटर. नेहमीच्या लहान कागदाची रुंदी 36च्या आसपास, म्हणजे वेढा घेऊन चिकटवायला पुरेसा कागद उरतो. तीच टिप 12 मिलिमीटरची घेतलीत तर परीघ जवळजवळ 38 होतो आणि कागद पोहोचतच नाही. मग ‘कागदच खराब निघाला’ म्हणून पानवाल्याशी वाद. लांबीचंही तसंच. 70 मिलिमीटरच्या कागदात 35ची टिप पूर्ण आत घातली, तर तंबाखूला जागा उरली किती? टिपेचा अर्धा भाग कागदाबाहेर ठेवायचा असतो, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं.

तोंड गोल की चपटं? चपटं ओठात छान बसतं. पण त्याच्या दोन कोपऱ्यांत ब्रश शिरत नाही आणि मळ तिथेच धरतो. आत पीळ दिलेल्या नळ्या दिसायला सुंदर, धुवायला शिक्षा. पहिलीच टिप घेत असाल तर गोल तोंडाची, सरळ नळीची आणि आत दोन-तीन उंचवटे असलेली घ्या. ते उंचवटेच खड्याचं काम करतात. अगदी गुळगुळीत नळीतून तंबाखूची कुसं सरळ जिभेवर येतात.

गुंडाळताना येणारी नेहमीची तक्रार: टिप गळून पडते. काच गुळगुळीत, कागद कोरडा, दोघांचं जमत नाही. यावर लोक डिंकाची सगळी कड जिभेने चिंब करतात. कागद सुकताना सुरकुततो, टिप आणखी सैल होते. उलट करून बघा. टिपेजवळची तंबाखू बोटाने थोडी घट्ट दाबा, पहिला वेढा टिपेभोवती आवळून घ्या आणि चिकटवायला तिथूनच सुरुवात करा. जराशी ओल पुरते. पावसाळ्यात तंबाखू आधीच सादळलेली असते, त्यामुळे ती दाबताना हात हलका ठेवा. नाहीतर गच्च बसते आणि झुरका ओढताना गाल आत जातात. अशा वेळी दोष टिपेच्या भोकाला दिला जातो. आधी रिकामी टिप तोंडात धरून हवा ओढून पाहा. हवा मोकळी येत असेल तर अडलंय तंबाखूत.

ओढताना कधी जिभेवर अतिकडू थेंब येतो. धुरातली वाफ काचेवर गार होऊन पाणी सुटतं, त्यात टार आणि निकोटीन मिसळतं. तो गिळू नका, थुंकून टाका आणि टिप पुसून घ्या. असा थेंब वारंवार येऊ लागला तर टिप धुवायला झाली आहे असं समजा.

शेवटच्या झुरक्याचा लोभ ही जुनी सवय. पुठ्ठ्याची टिप करपली की फेकून देता येत होती. काच तापते आणि ओठाला चटका देते, शिवाय निखारा काचेला टेकला की काजळी अशी बसते की निघता निघत नाही. टिपेच्या एक सेंटिमीटर आधी थांबा. आणि तापलेली टिप नळाखाली धरू नका. माझी पहिली टिप अशीच गेली. डिसेंबरची सकाळ, टाकीचं बर्फगार पाणी, ‘टक्’ असा बारीकसा आवाज आणि हातात दोन तुकडे. बोरोसिलिकेट होती की नव्हती, ते तपासायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी हेळसांड इथेच होते. टार पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे नुसतं खळखळून उपयोग नाही. काहीजण टिप चहाच्या पातेल्यात उकळतात. टिप अर्धवट साफ होते आणि पातेलं कायमचं वास मारतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण नको, त्यात रंग आणि सुगंध असतात. जेलसारखं सॅनिटायझर नको, ते मागे चिकट थर सोडतं. हवं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं तीव्र तितकं बरं. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत टिप बुडेल इतकं ओतायचं, चमचाभर जाडं मीठ टाकायचं, अर्धा तास ठेवून हलक्या हाताने हलवायचं. तीव्र अल्कोहोलमध्ये मीठ फारसं विरघळत नाही, म्हणून त्याचे खडे आतून घासकाम करतात, आणि काच मिठापेक्षा कठीण असल्याने तिला ओरखडे येत नाहीत. अल्कोहोलात पाणी जास्त असेल तर मीठ विरघळून जातं आणि घासायला काही उरत नाही. ‘तुमच्या युक्तीने काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांची बाटली बहुधा पातळ असते.

कोपऱ्यात राहिलेल्या मळाला दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश उत्तम. मेडिकलमध्ये मिळतो. कलाकुसरीचे चमचमते पाइप क्लीनर घालू नका, त्यांची चमकी आत राहते. मग साबणाचं कोमट पाणी, भरपूर साधं पाणी, आणि टिप उभी ठेवून पूर्ण वाळवणं. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडले तर लिंबाचा रस पुरतो.

दोन गोष्टी इथे गमतीने घ्यायच्या नाहीत. आयसोप्रोपिल साधारण 12 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. त्यामुळे हे काम गॅसपाशी, देवघरातल्या समईजवळ किंवा सिगारेट पेटलेली असताना करायचं नाही, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय टिप वापरायची नाही. दुसरं, बरणीतल्या तपकिरी पाण्यात निकोटीन असतं. ते ओट्यावर उघडं ठेवू नका, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मुळीच नाही.

टिप एकेकाची असावी. ‘एक झुरका दे रे’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं आपल्याकडे अवघड जातं, पण ओठावर पाण्याचे फोड (हर्पिस) उठले असतील तर तो संसर्ग टिपेवरून सहज दुसऱ्याकडे जातो.

ठेवायची जागा म्हणजे झाकणाची डबी, आत थोडा कापूस. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवली की तोंडाशी टवका उडतो, आणि तो डोळ्याला दिसायच्या आधी ओठाला कळतो. दर आठवड्याला कडेवरून नख फिरवा. नख अडलं की टिप बाद, घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका. टाकताना वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळा आणि घंटागाडीवर देताना आत काच आहे असं सांगा. काचेच्या बाटल्यांच्या पोत्यात मात्र ती टाकू नका. बोरोसिलिकेट वितळायला बाटलीच्या काचेपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे भट्टीत ती मिसळत नाही.