फाइंडर दिवसाउजेडीच जुळवा

दुर्बिणीत काहीच सापडत नाही, ही नव्या निरीक्षकांची मोठी तक्रार. दोष बहुधा आरशाचा नसतो, न जुळवलेल्या फाइंडरचा, म्हणजे नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचा असतो.

२५ मिमीची नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग) लावा. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत ती ४८ पट वर्धन देते आणि जेमतेम १ अंश आकाश दाखवते. किमान अर्धा किलोमीटर दूरचा मोबाइल टॉवरचे टोक मधोमध आणा, नळी पक्की करा. मग फाइंडरचे स्क्रू थोडे थोडे फिरवून त्याची फुली त्याच टोकावर आणा. एक स्क्रू आवळण्याआधी समोरचा सैल करा, नाहीतर आटे खराब होतात.

समोरच्या इमारतीवर जुळवू नका. फाइंडर आणि नळीच्या अक्षांत साधारण १७ सेंमी अंतर असते; २० मीटरवरच्या वस्तूसाठी तेवढ्यानेच अर्ध्या अंशाची चूक होते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढी!

सूर्याकडे दुर्बीण चुकूनही वळवू नका, फाइंडरवर झाकण नसेल तर तोही डोळा जाळतो.

रात्री ध्रुवताऱ्यावर अचूकता तपासा. तो जवळजवळ हलत नाही, त्यामुळे घाई होत नाही. महाराष्ट्रातून तो उत्तरेला क्षितिजापासून १६ ते २२ अंशांवरच असतो, तेव्हा उत्तर मोकळी हवी. शेवटी १० मिमीच्या नेत्रिकेने, १२० पटींवर, पुन्हा जुळवा.