बोटीचे इनबोर्ड इंजिन गरम होत असेल, तर दोष आधी पंपाच्या अलीकडे शोधा

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि बोटीच्या इंजिनाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला, की बहुतेक जण दोष उन्हाला देतात आणि पहिला हात थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून कूलंट सोडणाऱ्या झडपेला, घालतात. दोन्ही चुकीचे आहे. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेले, इंजिन शेवटी थंड होते ते तलावाच्या पाण्याने, आणि चालत्या इंजिनाच्या ८० अंशांच्या मानाने ते पाणी मे महिन्यातही पुष्कळच थंड असते. पंप ते तळाच्या व्हॉल्व्हमधून आणि गाळणीतून ओढतो, हीट एक्स्चेंजरमध्ये ते इंजिनात फिरणाऱ्या कूलंटची उष्णता घेते आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडते. पाणी पुरेसे येत असेल, तर ऊन कितीही असो, सुस्थितीतले इंजिन तापता कामा नये.

काटा चढू लागला की थ्रॉटल कमी करून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि एक्झॉस्टमधून पाणी पडते आहे का, ते पाहावे. नुसती वाफ येत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे, कारण पंपातला कोरडा फिरणारा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) फार थोड्या वेळात जळतो. पाणी नेहमीसारखे पडत असेल, तर दोष बहुधा कूलंटच्या बाजूला असतो किंवा प्रॉपेलरला गुंडाळलेल्या वेलींचे ओझे इंजिनावर पडलेले असते. कूलंटच्या टाकीचे झाकण इंजिन पूर्ण निवेपर्यंत उघडू नये. दाबाखालचे कूलंट १०० अंशांच्या पुढेही द्रवच राहते आणि झाकण सैल होताच उसळून तोंडावर येते.

यानंतर तळाचा व्हॉल्व्ह बंद करून गाळणी साफ करावी. अंबाझरीसारख्या जलपर्णीने ग्रासलेल्या तलावात, किंवा नाग नदीचे पाणी कन्हानमार्गे जिथे पोहोचते त्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या जलाशयात, हे काम दर फेरीनंतर करावे.

पंपाचे झाकण काढून इम्पेलर पाहावा. एखादे पाते तुटलेले असेल, तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तो हाती लागेपर्यंत शोध थांबवू नये. इम्पेलर नागपुरात हातोहात मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून एक जादा बोटीतच ठेवावा.

आता ज्या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले, त्याकडे वळतो. गाळणी स्वच्छ, इम्पेलर नवा, धक्क्याला बांधलेल्या बोटीत मंद गतीवर पाणी उत्तम पडते. पण बोट मध्यावर नेऊन वेग वाढवला की काटा चढू लागतो. अशा वेळी कोणी रेडिएटर फ्लश सुचवतो, कोणी हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेल्याचे सांगून मोकळा होतो. हेड उघडण्याचा खर्च मान्य करण्याआधी तळाच्या व्हॉल्व्हपासून पंपापर्यंतचा पाइप तपासावा, कारण पंप तिथे हवा ओढत असतो. विहिरीवरचा पंप चालवलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही: सक्शनला बारीकशी फट असली तरी पाणी तुटते, आणि त्या फटीतून बाहेर थेंबही पडत नाही. बोटीत ही फट बहुधा गाळणीच्या झाकणाखालच्या रबरी वॉशरशी असते. गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली असेल आणि व्हॉल्व्ह उघडा असूनही रात्रभर उभ्या बोटीत तिच्यातले पाणी खाली उतरले असेल, तर आधी त्या वॉशरवरच संशय घ्यावा.

खात्री करण्याची पद्धत अशी. तळाचा व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या तोंडाचा पाइप सोडवावा आणि तिथे जाड, न दबणारा दुसरा पाइप लावून त्याचे टोक पाण्याने भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये बुडवावे. इंजिनाचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, वेग हळूहळू वाढवावा आणि सोबत्याने ड्रममध्ये पाणी ओतत राहावे, कारण तो भराभर रिकामा होतो. एक्झॉस्टमधून जोरदार धार आली, तर पंप निर्दोष आहे आणि खोट बोटीच्या तळापासून पंपापर्यंतच आहे. धार क्षीणच राहिली, तर पंप किंवा त्यापुढचा मार्ग तपासावा. या चाचणीवाचून एकही सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

खोट अलीकडे निघाली, की गाळणी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता बसवून, व्हॉल्व्ह पुन्हा उघडून इंजिन चालवावे. मंद गतीवर त्यात स्वच्छ पाणी दिसते. इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास त्याच पाण्यात पांढरा फेस वाहू लागला, तर हवा गाळणीतून किंवा तिच्या अलीकडच्या जोडातून येत आहे. फेस नाही, पण वेग वाढताच जुना पाइप मधोमध चपटा होत असेल, तर पाइपच बाद आहे. काही पाइप बाहेरून धडधाकट दिसतात आणि त्यांचा आतला थर सुटून पाण्याची वाट अडवतो. तो केवळ दिव्याच्या उजेडात आत पाहिल्यावरच दिसतो. बागेचा पाइप इथे कधीही लावू नये. आतून तारेचे वेटोळे असलेला सक्शन पाइपच घ्यावा आणि पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर दोन-दोन स्टीलच्या क्लिपा आवळाव्यात. फटीवर एम-सील फासणे हा उपाय नव्हे. कंपनाने ते तडकते आणि पुढच्या माणसाला दोष शोधणे अवघड करून ठेवते.

उरलेले सोपे आहे. इंजिनाचा पट्टा (बेल्ट) अंगठ्याने दाबल्यास सुमारे एक सेंटिमीटर दबावा. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात तापवून त्यावर कोरलेल्या अंशाला उघडतो का, ते पाहावे. न उघडल्यास बदलावा, पण काढून टाकू नये, कारण काही इंजिनांत त्याच्याविना कूलंट हीट एक्स्चेंजर टाळून बायपासनेच फिरत राहते आणि इंजिन आणखी तापते. समुद्रावरून आणलेल्या जुन्या बोटीत मिठाचा थर आणि गंजलेला एक्झॉस्ट एल्बो (एक्झॉस्टच्या नळीचा वाकडा जोड) गृहीत धरावा, आणि झिंकचा अॅनोड (स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवणारा तुकडा) बदलून गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा बसवावा.

शेवटची चाचणी धक्क्यावर नव्हे, तर पाण्यात, भार असताना किमान पंधरा मिनिटे करावी. त्या वेळी थर्मोस्टॅटच्या कवचावर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान मोजावे. ते ठीक असूनही काटा लाल पट्ट्यातच असेल, तर तापमानाचा सेन्सर आणि त्याची अर्थिंगची तार तपासावी.